डराँव आणि फू

“हुयाऽऽ!” डोंगराकडच्या लोकांनी आरोळी ठोकली आणि खाडीकडच्यांनी हातातले दोर सोडून दिले.

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. नदीच्या उतारावर तो झोपडीएवढा दगड मागून दोरांनी आवरून धरला होता. निम्म्यांनी दोर सोडल्यावर उरलेल्या निम्म्यांना तो कसला आवरतोय! खालचे ओंडके गडगडले, दगड सुटला आणि डोंगराकडचे गडी दोरांसकट फरफटत त्याच्यामागे गेले. दगड काठच्या चिखलात शिरला आणि बसला. बसला म्हणजे पार कमरेपर्यंत रुतून बसला, एखादी जाडजूड म्हातारी जेवायला बसते तसा. सुदैवानं त्याच्या वाटेत माणूस नव्हतं. आमच्या गावाची मिरच्यांची टोपली तेवढी होती, ती गेली.

डोंगराकडच्यांचा म्होरक्या कासवआजा चिखलातून वर आला तो तोंडातली माती थुंकतच. “दोर का सोडलेत रे?”

“का म्हणजे? तुम्हीच ओरडलात ना, हुया म्हणून!” खाडीकडची सुसर कमरेवर हात ठेवून उभी होती. खाडीकडे दोराचं सगळं काम बाया बघतात, आणि त्या बायांत ही सगळ्यात दांडगी.

“हुया म्हणजे घट्ट ओढा!”

“तुमच्याकडे असेल. आमच्याकडे हुया म्हणजे सोडा. होडी पाण्यात लोटताना आम्ही हुयाच म्हणतो. आमच्या रांगत्या पोरालासुद्धा कळतं.”

“मग तुमच्या रांगत्या पोरांनाच आणायचं होतं दोर धरायला!”

या नावांना तुम्ही हसाल, म्हणून सांगून ठेवते. आमच्या मुलखात मूल झालं की आईच्या नजरेला जे पहिलं पडेल तेच त्याचं नाव. कासवआजाच्या आईला कासव दिसलं. सुसरीच्या आईला सुसर दिसली, आणि तरीही ती वाचली, यावरून त्या घराण्याची कल्पना करा. माझ्या आईला बगळी दिसली, म्हणून मी बगळी. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी दारात बेडूक बसून ओरडत होता. भावानं पहिलं रडं असं काही काढलं, की बेडूकच गप्प झाला आणि उड्या मारत निघून गेला. भावाचं नाव बेडूक पडलं. आम्ही बेडक्या म्हणायचो.

तर हा दगड. आमचा मुलूख नदीचा आणि चिखलाचा. तिथे दगड नाहीच. नखाएवढा खडा सापडला तरी पोरं तो घरी आणून जपून ठेवतात. आदल्या साली नदीला असा पूर आला, की चार गावांच्या झोपड्या वाहून गेल्या आणि चारही गावं एकाच लांबलचक उंचवट्यावर पळाली. सगळा पावसाळा आम्ही तिथे खेटून राहिलो, एकमेकांचा मका खाल्ला, एकमेकांची पोरं सांभाळली आणि एकमेकांचं घोरणं ऐकलं. पाणी उतरलं तेव्हा म्हाताऱ्यांचं ठरलं, की लांबच्या डोंगरातला एक मोठा दगड आणून त्या उंचवट्यावर ठेवायचा, म्हणजे ती जागा चौघांची झाली. तेव्हा आमच्यात राजा नव्हता, सरदार नव्हता. कुणी कुणाला ‘कर’ म्हणायचं नाही, ‘करूया का’ म्हणायचं, अशी रीत होती. ‘करूया का’ म्हणत म्हणत दगड कसाबसा नदीपर्यंत आला होता.

मी आमच्या वळणावरच्या गावाबरोबर रांधायला गेले होते, आणि खरं सांगायचं तर बेडक्याला परत आणायला. निघताना आईनं मला बाजूला घेतलं होतं. “दगड गेला खड्ड्यात,” ती म्हणाली, “माझा पोरगा पेरणीआधी घरी आण. बाहेर गेलेला माणूस बाहेरचाच होतो.” मग तिनं हरणाच्या कातड्याची एक जाड टोपी बेडक्याच्या डोक्यावर चढवली आणि हनुवटीखाली करकचून बांधली, का तर दगड पडला तर डोकं फुटायला नको. झोपडीएवढ्या दगडापुढे ती टोपी काय करणार होती, ते आईच जाणे.

बेडक्याला दोरावर कुणी घेतलं नव्हतं. त्याला हसू फार. हसू आलं की हात सैल पडायचे. म्हणून तो पाणी वाहायचा आणि उरलेला वेळ पेरू खायचा. आवाज मात्र असा, की त्यानं शिंक दिली तर पलीकडच्या काठावरचे पक्षी उठायचे. गावात त्याला कुणी मासेमारीच्या नावेत घेत नसे. मासे पळतात.

तर दगड चिखलात आणि आम्ही भांडणात. ऊन चढलं, उतरलं, तरी भांडण संपेना. वर आभाळाच्या कडेला ढग जमायला लागले होते. पावसाआधी दगड नदीपार झाला नाही, तर तो तिथेच राहणार, आणि आमची पेरणीही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण ‘हुया’ कुणाचं खरं, हे ठरल्याशिवाय दोराला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

“आमची हाक घ्या,” आमच्या गावातल्या एकानं सुचवलं. “आम्ही होऽऽ म्हणतो.”

त्यासरशी दलदलीकडचे चार-पाच जण झाडावर चढले. त्यांच्याकडे ‘होऽऽ’ म्हणजे वाघ आला.

एवढ्यात वरून हसण्याचा गडगडाट झाला. बेडक्या दगडाच्या माथ्यावर जाऊन बसला होता, टोपी घालून, हातात पेरू घेऊन. तो एकेका गावाची नक्कल करायला लागला. कासवआजासारखी मान आत ओढून “हुया”, सुसरीसारखे हात कमरेवर ठेवून “हुया”, मग वाघाला भिऊन झाडाला मिठी. आपली नक्कल झाली की ते गाव चिडायचं आणि बाकीची तीन हसायची.

“ए बेडक्या, खाली उतर!” सुसर ओरडली. “बगळे, तुझ्या भावाला आवर, नाहीतर मी आवरते.”

“सुसरबाई, सुसरबाई, तुझी पाठ मऊ,” बेडक्या वरून म्हणाला.

सुसरीलाही हसू फुटलं, पण तिनं ते दाबलं. “माझी पाठ राहू दे. तू एवढा शहाणा आहेस तर सांग, कुणाची हाक घ्यायची?”

बेडक्यानं थोडा विचार केला. निदान तसं तोंड केलं. मग छाती भरून घेतली आणि ओरडला, “डराँऽऽव!”

झाडावरचे दलदलीकडचे खाली पडले. लोक पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर कासवआजा म्हणाला, “पण ऐका. तुमच्याकडे बेडकाला काय म्हणतात?”

चारी गावांनी चार नावं सांगितली.

“आणि तो ओरडतो कसा?”

“डराँव,” सगळे म्हणाले.

कितीतरी वेळानं पहिल्यांदाच चार गावं एक बोलली होती. ती स्वतःच चपापली.

“बरं, डराँव म्हणजे ओढायचं,” सुसर म्हणाली. “आणि सोडायचं कशावर?”

मी तेव्हा पानांत गुंडाळून उकडलेले मक्याचे गोळे वाटत होते. सुसरीनं बोलता बोलता एक गोळा सोलला. तो गरम होता, म्हणून तिनं त्यावर फुंकर घातली.

“हे घ्या!” बेडक्या वरून बोट दाखवत ओरडला. “फू! गरम खाताना कोणत्या गावचा माणूस फू करत नाही?”

यावरही वाद घालायला कुणाला जागा सापडेना. उरला एकच प्रश्न, हाक द्यायची कुणी? डोंगराकडच्यानं दिली तर खाडीकडच्या ओढणार नव्हत्या. खाडीकडचीनं दिली तर कासवआजाचे गडी खालीच बसणार होते.

“हाच देईल,” सुसर म्हणाली. “याचं ऐकण्यात कुणाला कमीपणा नाही. याला मोठा कोण समजतंय?”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं बेडक्या हसला.

पहिलं “डराँऽऽव” आलं तेव्हा मी चुलीपाशी होते. चुलीतली राख उडाली म्हटलं तर खोटं वाटेल, पण माझ्या हातातलं भांडं हललं हे खरं. चार गावांचे दोर एका झटक्यात ताणले गेले. चिखलानं ‘पच्च’ असा आवाज केला आणि दगड वितभर वर आला. “फूऽऽ!” सगळ्यांनी दोर सैल केले, श्वास घेतला. पुन्हा “डराँऽऽव!” अंधार पडायच्या आत ती जाडजूड म्हातारी ताटावरून उठली, आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या काठाला लागली.

लोकांना इतका आनंद झाला, की त्यांनी बेडक्याला पाण्यात फेकलं. त्या वेळी त्याला पाण्यात फेकता येत असे.

नदीपलीकडे सपाट जमीन. तिथे काम सोपं वाटलं आणि तिथेच घात होता होता राहिला. ओढता ओढता दलदलीकडच्या एका गड्याला डास चावला. त्यानं डास मारायला हात काढला, त्याचं पाहून शेजाऱ्यानंही काढला, एका बाजूचे दोर ढिले पडले आणि दगड ओंडक्यांवर गर्रकन फिरला. कासवआजा त्या बाजूनं चालला होता. तो उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. त्या वयाचा माणूस तशी उडी मारतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सुसर डास मारणाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “पुन्हा सांगते, सगळ्यांनी ऐका. याची फू आल्याशिवाय दोर सोडायचा नाही. डास चावो, साप चावो, सासू बोलावो. फू म्हणजे फू.”

“आणि मला चावला तर?” बेडक्यानं विचारलं.

“तू बेडूक आहेस. खाऊन टाक.”

तेव्हापासून तो नियम झाला. आणि नियमानं एकदा अंगात घर केलं, की तो सांगितलेल्या कामापुरता राहत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. बेडक्यानं गरम गोळा सोलला आणि सवयीनं फुंकर घातली, “फू!” त्याच वेळी खाडीकडच्या दोघी पाण्यानं भरलेला घडा उचलून आणत होत्या. दोघींनी झटकन हात सोडले. घड्याचे तुकडे तुकडे झाले.

काय हसलो आम्ही! हसून हसून कासवआजाला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी जेवताना सुसर म्हणाली, “आधी तू फुंक बाबा, म्हणजे भांडी खाली ठेवून आम्ही निवांत जेवू.” बेडक्यानं ऐटीत गोळा उंच धरला, फू केलं, मग सगळे जेवले. ती थट्टा होती. तिसऱ्या दिवशीही थट्टाच होती. त्यानंतर केव्हातरी मी चव बघायला एक गोळा आधीच तोंडात टाकला, तर शेजारची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्या ताटातलाच उचलला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“अजून फू नाही झाली,” ती म्हणाली.

“अगं, ती माझ्या भावाची फुंकर आहे. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय.”

ती कसनुसं हसली. पण गोळा तिनं नंतरच खाल्ला.

मग लोक त्याला बाकीचंही विचारायला लागले. आज सावलीत कोण झोपेल, ओंडके पुढे कुणी न्यायचे, झऱ्यावर आधी कुणाचं गाव जाईल. एकमेकांचं ऐकायचं नसलं की बेडक्याचं ऐकायचं, ही सोय चौघांनाही मानवली. एकदा वाटेत पेरूचं झाड लागलं. डोंगराकडचे म्हणाले आम्ही आधी पाहिलं, आमच्या गावचे म्हणाले आम्ही आधी हात लावला. प्रकरण बेडक्यापुढे आलं. तो झाडावर चढला, सगळे पिकले पेरू खाली काढले, विचार करता करता एकेक खाल्ला, आणि शेवटचा खाऊन झाल्यावर म्हणाला, “आता कशावरून भांडताय?”

लोक खूश झाले. काय निवाडा केला, म्हणाले. वाद मिटला, पेरूही मिटले.

“कानामागून आला आणि तिखट झाला,” कासवआजा माझ्याशी हळूच म्हणाला. पण बोलताना तो हसत नव्हता, बेडक्याकडे टक लावून बघत होता. दगड घडवण्याची कला त्याच्या हातात होती. उंचवट्यावर पोचल्यावर दगडात माणसाचा चेहरा कोरायचं काम त्याच्याकडेच होतं, आणि तो चेहरा कोणत्या गावच्या माणसाचा, यावरून नवं भांडण होणार म्हणून त्याला घोर लागला होता.

“बेडूक,” त्यानं हाक मारली, “जरा हनुवटी वर कर. अशी. तोंडात पेरू नको. आणि ती टोपी काढू नकोस.”

“का हो आजा?”

“काही नाही. डोळ्यांना बरं वाटतं.”

एका दुपारी उंचवटा समोर दिसायला लागला. पायथ्याशी विसाव्याला थांबलो तेव्हा बेडक्या माझ्याजवळ येऊन बसला. पूर्वी तो येऊन माझ्या टोपलीतच हात घालायचा. त्या दिवशी बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. मी त्याला भाजलेलं रताळं दिलं.

“ढग बघितलेस?” मी म्हणाले. “आज दगड वर गेला की उद्या पहाटे निघायचं. आई शेतात एकटी काठीनं भोकं पाडत बसली असेल.”

“हं.”

“हं काय? निघायचं ना?”

“निघायचं की.” तो रताळ्याशी खेळत राहिला. “अक्का, कासवआजा म्हणत होता, आणखी दगड आणायचे. उंचवट्यावर मातीचा मोठा चौथरा घालायचा, म्हणजे कितीही पूर आला तरी चारही गावं मावतील. हाक द्यायला कुणी पाहिजे म्हणाला.”

“देतील कुणीतरी. डराँव म्हणायला काय अक्कल लागते?”

“तेच मी म्हटलं.” तो हसला, आणि मग त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. “घरी मला कुणी नावेत घेत नाही गं.”

“मी घेते ना.”

“तू घेतेस. पण तोंडात मक्याची पानं कोंबून.”

ते खरं होतं. मला त्याची इतकी माया आली, की मी त्याच्या टोपीची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली.

“मी आईला शब्द दिलाय,” मी म्हणाले. “तुला घेऊन येते म्हणून.”

“मग ठरलं,” तो उठत म्हणाला. “वर पोचलो की शेवटची फू करतो. दोर सुटले की आपणही सुटलो. तू आणि मी, थेट घरी.”

मी डोळे मिटून सांगते, तेव्हा तो खोटं बोलत नव्हता.

चढावर माणसं कमी पडत होती, म्हणून रांधणाऱ्या बायांनीही दोर धरले. मी आमच्या गावाच्या दोरावर होते, पुढून तिसरी. घायपाताचा दोर तो, हाताची साल काढतो. चढावर फू म्हणजे नुसता विसावा, तोही मागे ओंडके अडकवून झाल्यावर. कुणाचा हात आधी सुटला असता, तर खाली असलेल्यांचं पीठ झालं असतं. बेडक्या दगडावर उभा होता. “डराँऽऽव!” पावलं चिखलात रुतवून आम्ही ओढत होतो. आजूबाजूला कोण कुठल्या गावचं हेच कळत नव्हतं. माझ्या पुढच्या माणसाची पाठ डोंगराकडची होती आणि मागचा धापा टाकणारा श्वास खाडीकडचा, आणि ओढताना मी दोघांच्याही भाषेत एकच शब्द म्हणत होते, जो कुठल्याच भाषेतला नव्हता. फार छान वाटत होतं. आजही आठवलं की वाटतं.

शेवटचं “डराँव” झालं आणि दगड उंचवट्याच्या माथ्यावर, सपाट जमिनीवर आला. ठरल्या जागी थांबला. दोर ताठ होते. आम्ही सगळे घामानं निथळत मान वर करून उभे राहिलो, फूची वाट बघत.

बेडक्यानं आमच्याकडे पाहिलं.

मग त्यानं चौफेर पाहिलं. एका बाजूला खाडीकडच्या, एका बाजूला डोंगराकडचे, दलदलीकडचे, आम्ही. सगळ्यांच्या नजरा त्याच्या तोंडावर. तो काही बोलला नाही.

माझे हात भरून आले. तळव्यांची आग होत होती. जमीन सपाट होती. दगड आता कुठे जाणार नव्हता, सगळ्यांनी एकदम हात सोडले असते तरी तसूभर हलला नसता. मला ते दिसत होतं. माझ्या पुढच्याला दिसत होतं, मागच्यालाही दिसत असणार. कुणी दोर सोडला नाही. एक डास माझ्या समोरच्या पाठीवर बसला, पोट फुगेपर्यंत प्यायला, आणि तो माणूस जागचा हलला नाही.

बेडक्याच्या तोंडावर मी कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं. गुर्मी नव्हे. नवल. आपल्या एका फुंकरीवर किती हात अडकलेत, हे त्याला त्याच घटकेला कळत होतं. त्याला ते कळताना मी बघत होते.

मग मी नेहमीचं केलं. ओरडले, “ए बेडक्या! मेल्या, फू कर की! की पोटातली हवा संपली?”

नदीकाठी असते तर लोक लोळले असते. कुणी हसलं नाही.

शेजारच्या दोरावरून सुसरीनं माझ्याकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आडगावातल्या बाईला रीत समजावून सांगावी, तसा तिचा सूर होता.

“बगळे,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्यांना असं बोलू नये गं.”

त्यांना.

मी वर पाहिलं. बेडक्याला माझी थट्टा ऐकू गेली होती. त्याच्या ओठांचा कोपरा हलला होता, हसू अगदी दाराशी येऊन थांबलं होतं. तो वाट बघत होता. आधी कुणीतरी हसावं, म्हणजे मग आपण सगळ्यांत मोठ्यानं हसू. त्यानं एका दोरापासून दुसऱ्या दोरापर्यंत नजर फिरवली. सगळे गंभीर. कासवआजासुद्धा. मी हसायला तोंड उघडलं, पण सुसर अजून माझ्याकडेच बघत होती, म्हणून मिटलं.

त्याचं हसू परत गेलं. त्यानं पाठ सरळ केली, हनुवटी वर उचलली, ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. जन्मात त्यानं इतक्या हळू काही केलं नव्हतं. मक्याचा गोळासुद्धा निवला नसता त्या फुंकरीनं.

शेवटच्या दोराच्या शेवटच्या माणसापर्यंत ती ऐकू गेली. सगळ्या उंचवट्यावर दोर एकदम जमिनीवर पडले.

माझाही. मी त्याची थोरली बहीण. पण तोपर्यंत मीही धरूनच होते.